बोल्टाचे आटे आणि भामरागडचा रस्ता

मार्चच्या शेवटी, सकाळी सहाच्या सुमाराला मी बल्लारपूरहून मोटारसायकल काढली. भामरागडचं जंगल पाहायला नव्हे. तशी मला जंगलाची हौस नाही. तिकडच्या एका गावात ताराचंद नावाचा मेकॅनिक राहायला गेल्याचं कानावर आलं होतं आणि मला त्याची माफी मागायची होती. बायकोने चार पोळ्या आणि जवसाची चटणी बांधून दिली आणि फाटकाशी उभी राहून म्हणाली, "तिथी जाऊन पुन्हा आपलंच खरं करू नका." डोक्यात हेल्मेट होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.

आधी ताराचंदविषयी सांगतो, नाहीतर हा सगळा रस्ता कशासाठी तुडवला ते कळायचं नाही. बल्लारपूरच्या कागद मिलच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे आणि टपरीला लागून एक कडुनिंब. त्या कडुनिंबाखाली ताराचंदचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पान्यांची एक पेटी आणि हवा भरायचा पंप. अकरा वर्षं माझी गाडी त्याच्याच हाताखाली होती. तो गाडी स्टँडवर लावायचा, सुरू करायचा, डोळे मिटून मिनिटभर ऐकायचा आणि मग नेमकी एकच जागा उघडायचा. जे उघडायची गरज नाही त्याला हात लावायचा नाही. मी स्वतः मिलमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. यंत्राला हात लावणाऱ्या दुसऱ्या माणसाचं कौतुक करायची मला सवय नाही. त्याचं करायचो, पण मनातल्या मनात.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी त्याच्याकडून गाडीचे ब्रेक करून घेतले. सोमवारी सकाळी अंगणात पाहतो तर गाडीखाली ऑइलचं थारोळं. गाडी ढकलत त्याच्याकडे नेली. इंजिनाखाली ऑइल काढायचा जो बोल्ट असतो तो त्याने बोटाने हलवला, तर तो नुसताच गोल फिरला. आटे (बोल्ट ज्या पेचांत धरून राहतो ते) पार गेले होते. रात्रपाळी सुटलेली, टपरीवर चाळीस-पन्नास माणसं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोललो. ब्रेक करता करता बोल्ट खोलला, आटे घालवले आणि गुपचूप तसाच बसवून गाडी दिली, असा माझा आरोप होता.

तो एवढंच म्हणाला, "मी त्या बोल्टाले हातच नाई लावला, मेश्रामभाऊ."

"मंग काय बोल्ट आपल्या मनानं फिरला?" मी म्हणालो. लोक हसले. मला त्या हसण्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

मिलच्या कॉलनीत यंत्राच्या बाबतीत माझा शब्द चालतो. पुढे महिनाभर मी ही हकीकत जो भेटेल त्याला सांगत होतो, आणि दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लागत होतं. कडुनिंबाखालच्या गाड्या कमी होत गेल्या. दिवाळी व्हायच्या आत ताडपत्री उतरली. मला वाटलं, बरं झालं.

मग मी गॅरेजं पालथी घातली. एका मोठ्या शोरूमवाल्याने गाडी काचेआड नेली, मला सोफ्यावर बसवून टीव्ही लावून दिला आणि दोन तासांनी गाडी चकाचक धुऊन आणली. तक्रार होती तशीच होती. दुसरीकडे ऑइल गळतं म्हणून नेली, तर तो कार्ब्युरेटर उघडून बसला. तिसऱ्याने गाडी परत देताना तीन स्क्रू माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "हे उरले जी, घरी ठेवा." चौथा नुसतं "उद्या या" म्हणायचा. त्याचा उद्या तीन आठवडे चालला. पण भोकात ॲल्युमिनियमचा बुश (नळीसारखा तुकडा) ठोकून नवे आटे पाडून दिले ते त्यानेच, तेवढं काम चोख केलं. निवृत्त झालो तेव्हा मी ठरवलं, बस झालं, आता आपली गाडी आपण करायची. अंगणात पाट टाकला, पाने मांडले. खरं सांगतो, फार सुखाचे दिवस होते ते. चेन रॉकेलमध्ये धुवायची, प्लग घासायचा, हात साबणाने तीनदा धुवायचे आणि बायकोची बोलणी खायची.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. कागदाच्या यंत्राला हादरा फार. तिथला फिटर बोल्ट पुरता आवळून झाल्यावरही त्याला आणखी पाव फेरा देतो. दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो पाव फेरा कोणी कामात धरत नाही, विचारलं तर आठवतही नाही. आमच्या कॉलनीत नळ दर महिन्याला बिघडतात, कुकरच्या मुठी तुटतात, फाटकाच्या कड्या अडकून बसतात. नवरे मिलचे आहेत हेच कारण. तर दुसऱ्यांदा ऑइल बदलायला मी तो बोल्ट काढला, तेव्हा बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमची वेटोळी बाहेर आली. नवे आटे गेले होते. आणि मधल्या काळात माझ्याशिवाय त्या बोल्टाला कोणाचा हात लागला नव्हता.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. बसल्या बसल्या मला दोन वर्षांपूर्वीचा तो गुरुवार आठवला, ब्रेक करायला टाकायच्या आदला दिवस. बोल्ट ओलसर दिसला म्हणून बाजाराला निघता निघता मिलचा हातभर लांब पाना लावून मी त्याला पाव फेरा दिला होता. बायको पायरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मंग त्या ताराचंदनं काय केलं होतं?"

आठ दिवस मी उत्तर शोधत होतो. ताराचंदचा नंबर बंद होता. चौथ्या गॅरेजवाल्याकडून पुन्हा आटे पाडून घेतले, बोल्ट ह्या वेळी घाबरत घाबरत हलक्या हाताने बसवला आणि निघालो.

पहिला थांबा पोंभुर्णा. ताराचंद मूळचा तिथला, त्याचा मोठा भाऊ गावाबाहेर शेती करतो एवढं मला ठाऊक होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या रिकाम्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) वाळून भेगाळल्या होत्या आणि मोहाच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. हवेत मोहाचा गोड, थोडा आंबूस वास भरून राहिला होता. भावाचं घर सापडलं. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती आणि तो पायाने ती उलटीपालटी करत होता.

"ताराचंदचे भाऊ का जी तुम्ही?" मी विचारलं.

"हो. तुम्ही कुठचे?"

"बल्लारपूरचा. मेश्राम."

त्याचा पाय थांबला. "मिलचे मेश्राम? बोल्टवाले?"

मी मान हलवली. दोन वर्षांत माझी ओळख पोंभुर्ण्यापर्यंत पोचली होती.

"आता काऊन शोधून राह्यले त्याले? काही राह्यलं का अजून?"

मी सांगितलं की चूक माझी होती, तेच सांगायला चाललोय. त्याने पायाने फुलांचा एक ढीग पसरला. मग म्हणाला, "आई असती त तिले बरं वाटलं असतं. लोक विचारत तिले, पोरगं बल्लारपूर सोडून काऊन आलं. मागच्या साली गेली ते." एवढं बोलून तो आत गेला. आता हा काठी घेऊन येतो की काय असं मला वाटलं. तो एक पिशवी घेऊन आला. "लाखोळीची डाळ आहे. तिकडं जाऊनच राह्यले त देऊन द्या त्याले. सासऱ्याच्या गावी असते तो. हेमलकशाच्या पुढं." मग त्याने मातीत काडीने रस्ता काढून दाखवला. चहा विचारला नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती.

गोंडपिपरीवरून आष्टीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. आष्टीच्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली वैनगंगा, तीही अर्धी वाळूच. दूरवर दोन डोंगे आणि गुडघाभर पाण्यातून चाललेली गुरं. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. पुलापलीकडच्या हॉटेलात तर्री पोहे (वर झणझणीत लाल रस्सा ओतलेले) मागवले. शेजारचा म्हातारा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटत बसला होता. त्याने माझ्या गाडीकडे बघून विचारलं, "आरसे असेच ठेवता का तुम्ही?"

बघितलं तर दोन्ही आरशांनी मान टाकली होती. बोल्ट प्रकरणाची धास्ती एवढी बसली होती, की निघायच्या आधी मी गाडीतला प्रत्येक नट नुसता टेकवून ठेवला होता. चौतीस वर्षांचा फिटर आणि आरसे लोंबकळतायत. म्हाताऱ्याने खर्रा पुढे केला, मी नको म्हटलं आणि आरसे सरळ केले. ते आलापल्लीपर्यंत दोनदा पडले.

आलापल्लीच्या अलीकडे साग सुरू होतो. पानं गळून गेलेली, सरळसोट उंच खोडं दोन्ही बाजूंना, आणि खाली कोरड्या पानांचा जाड थर. गाडी गेली की पानं मागे धावत येतात. गावात शिरताना उजव्या बुटावर काहीतरी चिकट लागलं. ऑइल. बोल्ट सैल राहिला होता.

नाक्यावर एक गॅरेज दिसलं. मालक मानेत मोबाइल धरून बोलत बोलतच खाली वाकला, बोल्ट बघितला, सीटला हात पुसले आणि फोनवरच्या माणसाला "थांब जरा" म्हणून मला म्हणाला, "क्लच प्लेटपण पाहून घेऊ का? उघडलंच आहे त."

"काहीच उघडलेलं नाई अजून," मी म्हणालो. आवाज चढला होता. जुना मेश्राम घशापर्यंत आला. ह्याच्या हातून वॉशर धुळीत पडला, त्याने तो पँटला पुसून तसाच लावला, तेव्हा तर मी ओठ चावून धरला. पण मग त्याने पाना घेतला आणि मी वाकून पाहिलं. पान्याच्या टोकाला न धरता त्याने बोल्टाजवळ, मध्येच पकडलं होतं, दोन बोटं आणि अंगठा. बोल्ट फिरत गेला, वॉशरला टेकला, किंचित दाबला आणि तो थांबला.

"बस?" मी विचारलं.

"बस. ॲल्युमिनियम आहे भाऊ, त्याले काय मारून टाकता का?" आणि पुन्हा फोनवर लागला.

त्या माणसाला गाडी कशी पुसावी कळत नव्हतं, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं कळत नव्हतं, आणि बोल्ट कुठे थांबवावा हे पक्कं कळत होतं. मला सगळं कळत होतं, ते सोडून. ताराचंदही पाना असाच मध्ये धरायचा, हे मी अकरा वर्षं पाहिलं होतं. पण तो हाताने कमी ताकदीचा आहे असं मी समजत होतो.

आलापल्लीनंतर रस्ता दाट जंगलात शिरतो. काही ठिकाणी नवं डांबर, काही ठिकाणी नुसती गिट्टी आणि समोरून येणारे ट्रक. पेरमिलीच्या अलीकडे झाडांखालचा पाचोळा जाळलेला होता, म्हणजे फुलं मोकळ्या जमिनीवर पडावीत आणि वेचता यावीत. निळा धूर रस्त्यावर रेंगाळत होता. एका वळणावर टोपल्या घेतलेल्या चार बाया सावलीला बसल्या होत्या. मी पाणी मागितलं. एकीने भोपळ्याच्या तुंब्यातून ओंजळीत ओतलं. थंडगार होतं. बायकोने दिलेली पोळी मी तिथेच बसून खाल्ली, दोन त्यांना दिल्या. चटणी चाखून त्या आपसात काहीतरी बोलल्या आणि खूप हसल्या. काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.

पुढे पोलिसांच्या नाक्यावर गाडी अडवली. "कुठे चाललात?" गाव सांगितलं. "कोणाकडे?"

"मित्राकडे," मी म्हणालो. त्याने वहीत काहीतरी खरडलं आणि जा म्हणून हात केला. तो शब्द तोंडातून गेल्यावर मात्र मला लाज वाटली. मित्र म्हणायचा माझा हक्क उरला होता का? पुढचे कितीतरी किलोमीटर मी ताराचंदशी काय बोलायचं ते मनात घोकत होतो, आणि दर वेळी त्यात माझ्या बाजूची दोन वाक्यं आपोआप घुसत होती. मिलची सवय, हादऱ्याची यंत्रं, वगैरे. बायको मला ओळखून आहे.

हेमलकसा मागे पडलं. तिथल्या दवाखान्याकडे जाणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालत होती, एका कावडीत आजारी म्हातारी बसवलेली. तिथून काही अंतरावर, काडीने काढून दाखवलेल्या नकाशाप्रमाणे, एक कच्चा फाटा फुटतो. फाट्यावरच, ऐनाच्या झाडाखाली, पाण्याची घमेली आणि हवेचा पंप घेऊन ताराचंद बसला होता. समोर एक सायकल उलटी करून ठेवलेली. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली. माझ्याकडे नव्हे, गाडीकडे बघितलं.

"तुमची गाडी वळणावर होती तवाच ओळखली," तो म्हणाला. मग हात फडक्याला पुसून उठला आणि माझ्या पाया पडला. ह्या गोष्टीची मी तयारी केली नव्हती.

मी डाळीची पिशवी दिली. आई गेल्याचं कळलं म्हणालो. त्याने ती झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवली. मग मी बोलायला लागलो. गुरुवार, हातभर पाना, पाव फेरा, बाहेर आलेली वेटोळी, सगळं. मिलच्या सवयीचं वाक्य मी गिळलं. शेवटी म्हणालो, "तारा, चूक माझी होती. तुझी काहीच नोती."

"मले तवाच मालूम होतं, भाऊ."

"काय मालूम होतं?"

"बोल्टाच्या डोक्यावर मोठ्या पान्याचे वळ होते. तेवढा मोठा पाना माझ्या पेटीत कधी नोताच."

मी विचारलं, "मंग बोलला काऊन नाई तिथंच?"

त्याने सायकलचं चाक हाताने फिरवलं. "तुम्ही सारी जिंदगी बोल्टच आवळले, भाऊ. तुमाले बोल्ट आवळता येत नाई, असं मी चार लोकांत म्हणू का? तुम्ही वयानं मोठे. तुमचं नाव होतं तिथी." चाक थांबलं. "मले वाटलं, दोन दिवसांनी तुमाले आपोआप आठवन."

मला दोन वर्षं लागली. त्याने माझी अब्रू राखली होती आणि मी त्याची टपरीवर उधळत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही.

त्याची बायको मैनी घरून आली. घर मागेच होतं, कुडाचं. तिने पानाच्या दोन द्रोणांत जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) आणला आणि बाजूला चिमूटभर लाल मुंग्यांची आंबट चटणी. पाहुण्याला आधी खाऊ द्यायचं, मग विचारायचं, एवढी सभ्यता माझ्या वाट्याला तिथे आली. माझं खाऊन होईपर्यंत ताराचंदने तिला सगळं सांगितलं असावं, तिच्या भाषेत. ती आश्रमशाळेत शिकलेली होती, मराठी स्वच्छ बोलत होती. तिने मला विचारलं, "हे तुम्ही तिथे बोललात का?"

"कुठे?"

"जिथे ह्यांना वाईट बोललात तिथे. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर."

मी म्हणालो, आधी ह्याला सांगावं म्हणून आलो.

"आमच्या गावात असं झालं तर गोटुलात (गाव जमून बोलतं ती जागा) सगळे बसतात," ती म्हणाली. "ज्या माणसांसमोर एखाद्याला वाईट म्हटलं, त्याच माणसांसमोर ते परत घ्यावं लागतं. घरी येऊन सांगितलेलं कोणी धरत नाही. इथे तुम्हाला कोण ओळखतं? इथे बोलणं सोपं आहे."

"मैनी," ताराचंद हळूच म्हणाला. ती थांबली नाही. रागावलेलीही नव्हती. एखाद्याला रस्ता चुकला म्हणून सांगावं तसं सांगत होती.

घरापासून टपरी चालत पाच मिनिटं. तिथे न जाता मी नदी ओलांडून, जंगल ओलांडून, जिथे माझं तोंड कोणी पाहिलेलं नाही अशा जागी आलो होतो, आणि वाटेत दोन-तीनदा स्वतःला शाबासकीही दिली होती.

निघताना मी ताराचंदला म्हणालो, "इंजिनातले टॅपेट वाजून राह्यले वाटते. जरा पाहतं का?" खरं म्हणजे मला त्याच्या हातात गाडी द्यायची होती. दुसरं काय देणार होतो?

तो गाडीजवळ आला. मी सुरू केली. त्याने डोळे मिटले, डोकं एका बाजूला कललं, आणि क्षणभर तो अगदी कडुनिंबाखालचा ताराचंद झाला. हात इंजिनाकडे गेला. मग तो हात त्याने मागे घेतला.

"डाव्या बाजूचा ढिला आहे. बल्लारपूरले दाखवा कोणाले. मी आता पंक्चरच काढतो, भाऊ. इंजिन नाई उघडत."

"काऊन?"

"उघडलं का झोप नाई लागत. कोणी मांगून येऊन काही म्हणलं त..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"पाने आहेत घरात," मैनी म्हणाली. "दर महिन्याला तेल लावून ठेवतात. वापरत नाहीत."

मी भामरागडला एका खोलीत मुक्काम केला. सकाळी निघण्याआधी तीन नद्यांचा संगम पाहून आलो, कारण तिथवर जाऊन तो पाहिला नाही म्हटलं तर लोक हसतात. इंद्रावतीचं पाणी संथ होतं, पलीकडे छत्तीसगडचं जंगल. सुंदर असेल. माझ्या कानात टॅपेट वाजत होतं. परतीच्या रस्त्यावर मी आलापल्लीलाही थांबलो नाही. पोंभुर्ण्याचा फाटा आला तेव्हा भावाला निरोप द्यावा असं मनात आलं, पण काय सांगणार होतो? डाळ पोचली, एवढंच. मी सरळ पुढे निघून गेलो.

घरी बायकोने विचारलं, "भेटला? काय म्हणला?"

"पाया पडला," मी म्हणालो. ती पदराने डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या थोडं आधी मी टपरीवर गेलो. कडुनिंबाखाली आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. ओळखीचे पाच-सहा जण बाकावर होते, निवृत्त आणि रजेवरचे. चहा घेतला, ग्लास बाकावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "ऐका जरा. दोन वर्सांपूर्वी मी ताराचंदले इथी बोललो होतो. माझ्या गाडीचे आटे त्यानं नोते घालवले. मीच घालवले होते. मोठा पाना लावून."

एक जण हसला. "सकायपासून काही घेतलं नाई ना, मेश्रामभाऊ?"

दुसऱ्याने विचारलं, "कोण ताराचंद?"

मी झाडाकडे बोट दाखवलं. इथे बसायचा. ताडपत्री होती. डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग एकदम आठवलं.

"हां, तो होय! तो त नव्या गाड्याचे चांगले पार्ट काढून घ्यायचा ना? जुने बसवून द्यायचा. सारी कॉलनी म्हणत होती."

हे मी कधीच म्हटलं नव्हतं. तिखटमीठ लावलं होतं, पण ते बोल्टालाच.

"कोणी सांगतलं तुले?" मी विचारलं.

"आता काय मालूम, भाऊ. सारेच म्हणत. मी त गाडीच दुसरीकडं नेली तवापासून."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. गुरुवारपासून. त्याने अर्धं ऐकलं, अर्धा वेळ तो घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "असन बा," आणि ग्लास ठेवून उठून गेला. पटलं की नाही ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तेवढ्यात भोंगा झाला. फाटक उघडलं आणि शिफ्टची माणसं बाहेर यायला लागली, ओळखीची, अनोळखी, सायकलवरची, गाडीवरची. कितीतरी. मी आणखी एक चहा सांगितला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.